दवबिंदूचं कोरं शीट

"सातापा, एका काचेच्या बशीत पाणी आणा. आणि बारीक चिमटा."

खानोलकर मॅडम आवाज न चढवता एवढंच म्हणाल्या. टी. वाय.च्या बॉटनीचं प्रॅक्टिकल, डिसेंबरातला पहिला सोमवार, बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक, आणि टेबलावर माझं हर्बेरियम. हर्बेरियम म्हणजे वाळवून जाड कागदाच्या शीटांवर चिकटवलेली पंचवीस रोपटी. प्रत्येक शीटाच्या कोपऱ्यात एक लेबल : वनस्पतीचं नाव, कुठं सापडली, कधी सापडली, कुणी गोळा केली. पंचवीसच्या पंचवीस लेबलांवर 'संकलक : कु. वैजयंता गावडे' असं माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

त्यातलं एकही रोप मी गोळा केलेलं नव्हतं.

आता मी काही एकटीच लबाड नव्हते हो! आमच्या कॉलेजात ती रीतच होती. प्रयोगशाळेत सातापा मामा म्हणून जुने परिचर होते. त्यांच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक. परीक्षा संपली की मुलं आपलं हर्बेरियम तिथंच टाकून जायची. पुढच्या वर्षी ज्यांनी पावसाळाभर आळस केला असेल त्यांनी ट्रंकेतनं शीटं काढायची, जुन्या लेबलावर आपलं लेबल डकवायचं, की झालं काम. "झाड मेलंय गं," मामा म्हणायचे, "त्येला काय म्हाईत त्येचा मालक कोन!"

आणि मी तर आळशांची राणी. चिखलात कोण जाणार, जळवा कुणी लावून घ्यायच्या? मी आपली पाठांतरवाली. वाक्यंच्या वाक्यं तोंडपाठ, आकृती डोळे मिटून काढायची. थेअरीचे सगळे पेपर झाले होते, झकास गेले होते. राहिलं होतं ते हे दोन दिवसांचं प्रॅक्टिकल. बुधवारी सकाळच्या एसटीनं नाताळच्या सुट्टीला घरी जायचं, पिशवीसुद्धा भरून ठेवली होती मी.

"गावडे," मॅडम म्हणाल्या, "ही कुठली वनस्पती?"

"ड्रॉसेरा, मॅडम. दवबिंदू. कीटकभक्षी वनस्पती. पानांवर ग्रंथियुक्त केस असतात, त्यांच्या टोकांना चिकट स्राव..."

"कधी गोळा केलीस?"

लेबलावर होतंच. "पंधरा जून, मॅडम."

"जूनच्या पंधरा तारखेला फुललेला दवबिंदू?" त्यांनी चष्मा वर केला. "अगं, तेव्हा तर तो अजून रुजायचा असतो."

झाली का पंचाईत! एका बैठकीत पंचवीस लेबलं लिहिताना मी सगळ्यांवर एकच तारीख ठोकून दिली होती. आणि मॅडमनी लेबलाच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं. लेबल कसलं, चांगला पुठ्ठा झाला होता त्याचा.

मामांनी बशी आणली. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच कपाळावर हात मारला. मॅडमनी कोपरा पाण्यात भिजवला आणि चिमट्यानं एकेक पापुद्रा सोडवायला लागल्या. माझं लेबल निघालं. त्याखाली २००६ सालचा कुणी एक कांबळे. त्याखाली एक देसाई, मग एक नाईक. माझ्यामागे रांगेत उभी असलेली पोरं तोंड दाबून हसत होती. त्यांच्या हातातल्या शीटांचीही तीच गत होती, म्हणून तर मोठ्यानं हसत नव्हती. मी शरमेनं लाल झाले होते. मोजून सहा लेबलं निघाली. सातवं निघेना, ते मूळ कागदालाच धरून बसलं होतं. निळ्या शाईत, बारीक उभं अक्षर.

मॅडम ते वाचायला खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या.

मीही वाकून वाचलं. 'म्हसोबाचा सडा, झऱ्याकाठी. ४ डिसेंबर १९८३. संकलक : कु. उषा दत्ताराम खानोलकर.'

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. सकाळीच आमच्या सरांनी मॅडमचं स्वागत करताना सांगितलं होतं, की या आपल्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्यांचंच रोप त्यांनाच आपलं म्हणून दाखवलं होतं मी.

"बाकीच्यांचं मी नंतर बघते," मॅडम म्हणाल्या. रांग मागे सरली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात : "हर्बेरियमला पंधरा मार्क. पास व्हायला सहा लागतात. आत्ता तुझ्याकडे शून्य आहे. माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं! आमचा नियमच होता, प्रॅक्टिकलच्या एकाही भागात नापास झालात तर पुढच्या सत्राला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की माझं शिक्षणच गेलं. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एकदा नापास झालीस की इंदूसंगं कारखान्यात." इंदू म्हणजे माझी थोरली बहीण. दहावीनंतर शाळा सोडून काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची, का, तर मी शिकावं म्हणून. काजूच्या टरफलाचं तेल असं असतं की बोटांची सालटं जातात आणि काळेपणा काही केल्या निघत नाही. मी कॉलेजला निघाले तेव्हा माझा हात हातात घेऊन ती म्हणाली होती, "माझी बोटं झाली काळी ती झाली. तुझ्या बोटांना शाईच लागू दे गं वैजू."

ते आठवलं आणि मला तिथंच रडू फुटलं.

"रडू नकोस," मॅडम म्हणाल्या. "रडण्याला मार्क नसतात. उद्या दुपारी दोनपर्यंत मी इथं आहे. हेच रोप, याच जागेवरचं, तुझ्या हातानं आणायचं. वाळवलेलं नसलं तरी चालेल. बाकीच्या चोवीस शीटांकडे मी बघणार नाही. या एकावर ठरवते."

मंगळवारी सकाळी सातला मी सातापा मामांच्या दारात उभी. चूक त्यांच्या ट्रंकेची होती, त्यामुळे ते नाही म्हणूच शकत नव्हते. मफलर गुंडाळून त्यांनी आपली जुनी लूना बाहेर काढली.

"तुम्हांला माहीत होतं त्या येणार म्हणून, तरी मला तेच शीट दिलंत मामा?"

"अगं, मला का सपान पडलंय, खाली कुनाचं लेबल हाय त्ये!" मामा म्हणाले. "म्हसोबाच्या सड्यावर त्या साली मीच न्हेल्तं बाईस्नी. नवीन लागल्यालो मी. घाबरू नको, जागा म्हाईत हाय मला. धा मिंटात उपटून आनू."

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात सगळं पाणी, हिवाळ्यात गवत पिवळं पडतं आणि कुठं कुठं झऱ्याची ओल तेवढी राहते. तासाभरानं आम्ही वर पोचलो. मामांनी लूना थांबवली आणि नुसतेच बघत राहिले.

पठाराचा अर्धा भाग कापून नेलेला होता. चिऱ्याची खाण! पायऱ्या पायऱ्यांनी खोल गेलेली, तांबडी लाल. चिरे कापायचं यंत्र करकरत होतं आणि धुळीचा लोट उडत होता.

"झरा कुठं होता, मामा?"

मामांनी खाणीच्या मधोमध, हवेत बोट दाखवलं.

खाणीवरच्या मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "झरा? इथं? तीन वर्षं झाली की बुजवून."

"चल मागं," मामा म्हणाले. "न्हाई तर असं कर. कॉलेजच्या बागंत कुंडीत हायती की तसली दोन. बर्गे सरांनी आंबोलीवरनं आनल्याली. एक घिऊन जा. बाईस्नी काय कळतंय कुंडीतलं आन् सड्यावरचं!"

खरं सांगते, माझी मान हो म्हणायला हललीसुद्धा होती. पण काल त्या बशीतल्या पाण्यात एकेक लेबल सुटताना बघितलं होतं ना मी, ते डोळ्यांपुढून जाईना. म्हटलं, "मामा, पाणी बुजवलं तरी ते जाणार कुठं? कुठून तरी बाहेर पडलंच असेल की."

"लई शानी झालीस," मामा कुरकुरले. पण आले मागोमाग.

आम्ही खाणीच्या खालच्या अंगानं चालत राहिलो. नऊ वाजले, दहा वाजले. ऊन चढलं, चपलेचा अंगठा तुटला, करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडले. तीन वर्षं बॉटनी शिकले, पण इतका वेळ जमिनीकडे बघत मी कधी चाललेच नव्हते. शेवटी एका कातळाच्या खबदाडीत ओल दिसली, घोंगडीएवढ्या जागेत. शेवाळं, बारीक गवत. मी पुढं पाऊल टाकलं आणि मामा ओरडले, "ए, पाय! पाय उचल!"

मी पाय वरच धरला. खाली बघितलं.

तांबडं, चपटं, रुपयाच्या नाण्याएवढं. एवढंसं? परीक्षेत मी त्याची पानभर आकृती काढायची, त्यामुळे ते गुडघ्याएवढं तरी असेल अशी माझी समजूत होती! मी पालथी पडून बघितलं. पानाच्या प्रत्येक केसाच्या टोकावर पाण्यासारखा एकेक थेंब, आणि थेंबाथेंबात ऊन. एका पानावर चिलटाएवढी माशी चिकटली होती आणि बाजूचे केस तिच्याकडे वाकलेले. मधून एक बारीक दांडा वर आलेला, त्यावर एक पांढरं फूल आणि खाली तीन-चार हिरवी बोंडं. तिथंच पलीकडे दुसरं रोप, आणि कातळाच्या कडेला तिसरं.

किती आनंद झाला म्हणून सांगू! मी चक्क उड्या मारल्या. मग आम्ही दोघांनी ती खबदाड वीतवीत करून शोधली. आसपासचा कातळ शोधला. चौथं रोप काही सापडलं नाही.

"गावलं न्हवं? मग उपट," मामा म्हणाले. "साडेअकरा झाले."

मी पिशवीतनं खुरपं काढलं. खाली बसले. खुरप्याचं टोक मातीला लावलं.

'दवबिंदू ही एकवर्षायू वनस्पती असून तिचे प्रजनन बीजाद्वारे होते.' हे वाक्य मी शंभर वेळा तरी घोकलं असेल. एकवर्षायू म्हणजे एका वर्षात मरते, पुढच्या वर्षी येते ती बियांतून. मी एक बोंड नखानं दाबून बघितलं. कच्चं होतं, टणक. बी अजून तयार व्हायचं होतं.

"मामा, हे उपटलं तर पुढच्या वर्षी काय?"

"दोन हायत की अजून."

"आणि कुणाचा पाय पडला तर? गुरं आली तर?"

"अगं पोरी, तुझं वरीस जाईल!" मामा आता खरंच चिडले. "तुझी भन तिकडं हात जाळून घेतीया, आन् तू हितं गवताची काळजी करत बसलीस? उपट ते!"

इंदूताईचा विषय निघाला. तिची बोटं दिसली मला, काळी. उपटावं, तीनातलं एक, कुणाचं काय जातंय? मी खुरपं दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. त्या माशीची एक तंगडी अजून हलत होती. मला स्वतःचाच राग आला, मामांचा आला, त्या खाणीचा आला. मॅडमचा तर सगळ्यांत जास्त आला. असलं काम कुणी सांगतं का!

मग मी खुरपं पिशवीत टाकलं आणि कोरं शीट मांडीवर घेतलं.

दोनला दहा कमी असताना मी प्रयोगशाळेत पोचले. केसांत धूळ, तुटकी चप्पल हातात. मॅडम एकट्याच बसल्या होत्या, मार्कांचं पाकीट लाखेनं बंद करायचं बाकी होतं. मी शीट त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते बघितलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. "रोप कुठाय?"

"आणलं नाही, मॅडम."

"सापडलं नाही?"

"सापडलं. तीन आहेत."

शीटावर मी पेन्सिलीनं तीन ठिपके काढले होते. कुठला कातळ, कुठं ओल, कुठल्या ठिपक्यापासून कुठला किती वितींवर, एवढंच. कोपऱ्यात लेबल होतं : ड्रॉसेरा. म्हसोबाचा सडा, खाणीच्या खालच्या अंगाला. ८ डिसेंबर २००९. संकलकाच्या पुढची जागा मी रिकामी सोडली होती. गोळा केलंच नाही तर नाव कसं लिहू?

"जुन्या जागेवर खाण आहे, मॅडम," मी म्हटलं. "झरा बुजवलाय. आम्ही पाणी शोधत खाली गेलो. तीनच होती, बोंडं हिरवी होती. मी उपटणार होते. खरंच उपटणार होते. पण मग... नाही उपटलं."

मामा दारात उभे होते, ते एकदम म्हणाले, "बाई, पोरीची चूक न्हाई. ट्रंक माझी हाय. काय शिक्षा करायची ती मला करा."

कालचं ते जुनं शीट त्यांच्या समोरच होतं. सव्वीस वर्षांपूर्वीचं, तांबूस पडलेलं रोपटं, मुळासकट. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"तिथं तेव्हा गालिचा होता," त्या म्हणाल्या. "पाय ठेवायला जागा नव्हती. आठवतं, सातापा? मी ओंजळभर उपटली होती. एक तरी नीट दाबलं जाईल म्हणून. एक चिकटवलं आणि बाकीची उतारावर टाकून दिली. मला पंधरापैकी पंधरा मिळाले होते."

मग त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या लेबलावर रिकाम्या जागी निळ्या शाईनं लिहिलं : कु. वैजयंता गावडे. तेच बारीक उभं अक्षर.

"सहा मार्क देते," त्या म्हणाल्या. "नऊ कापले. चोवीस शीटं चोरीची आहेत, विसरलेले नाही मी. आणि सातापा, ती ट्रंक आज माझ्यासमोर रिकामी करायची."

सहा! पास! मी रडले, आणि या वेळी त्यांनी रडू नकोस म्हटलं नाही.

"तुझी एसटी कधीची?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळची, मॅडम."

"दुपारच्या गाडीनं गेलीस तर चालेल? सकाळी मला ती जागा दाखव."

बुधवारी सुट्टी लागली. सगळी पोरं आपापल्या गावाला पांगली आणि आम्ही तिघं सड्यावर. मॅडमनी चपला लांब काढून ठेवल्या आणि उकिडव्या बसून पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग आम्ही तिघांनी मिळून त्या ओलीच्या भोवती दगडांचा बांध घातला, गुरांचा पाय पडू नये म्हणून. मामा सगळ्यांत मोठे दगड आणत होते. संध्याकाळी घरी पोचले तर इंदूताई दारात उभी. माझे ओरबाडलेले, तांबड्या मातीचे हात बघून म्हणाली, "हे काय गं? शाई लागू दे म्हटलेलं मी!" मी तिला सगळं सांगितलं. ती हसली, मग माझी बोटं आपल्या बोटांत धरून बसली.

आता मी त्याच तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवते. दर डिसेंबरात परीक्षा संपली की नाताळच्या सुट्टीआधी वर्गाला घेऊन सड्यावर जाते. उपटायचं काही नाही, नुसतं मोजायचं. दुसऱ्या वर्षी दोनच निघाले होते, तेव्हा मी घरी येऊन जेवले नव्हते. त्याच्या पुढच्या वर्षी पाच. मग खाण बंद पडली, आणि पाणी आपली वाट काढत खालच्या कातळावर पसरलं.

मोजून झालं की त्याच दिवशी संध्याकाळी फोन येतो. मॅडम आता निवृत्त झाल्यात, पण तारीख चुकत नाहीत. "कशी आहेस" नाही की "पाऊसपाणी काय" नाही. सरळ विचारतात, "किती?"

यंदा मी म्हटलं, "चारशे बारा."



मग त्या म्हणाल्या, "परत मोज."

"दोनदा मोजलेत, मॅडम. सातापा मामा पण आले होते काठी टेकत, त्यांनीही मोजले."

"त्यांचे किती आले?"

"चारशे पंधरा."

"लबाड आहे तो," मॅडम म्हणाल्या. "पण या वर्षी त्याचंच खरं धरू या."